विक्रोळीतल्या नव्या घराच्या लाद्या आणि बिल्डरशी झालेला वाद

नव्या घराचा ताबा घेताना रंग, खिडक्या, नळ, दारांच्या कड्या हे सगळं डोळ्यांनी तपासता येतं. लाद्यांचं तसं नाही. पुसून चकचकीत केलेली जमीन पहिल्या दिवशी छानच दिसते, आणि खाली सिमेंटने तिला धरलंय की नाही हे वरून कळत नाही. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात, पुनर्विकास झालेल्या इमारतीत विक्रीचा फ्लॅट घेतला. दोन बेडरूम, हॉल, किचन. त्यातल्या लाद्यांवरून बिल्डरशी जे झालं ते सविस्तर लिहितेय. आमच्याच इमारतीत कित्येक घरांत हा त्रास आहे आणि "लादी नीट बसवली नाही" एवढंच बोलून कुणी दाद देत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

आधी ताब्याबद्दल. ओसी, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला, आली की दोन महिन्यांत ताबा घ्यायचा, असं रेरा कायद्याचं (घर घेणाऱ्यांच्या आणि बिल्डरांच्या व्यवहारांचा केंद्रीय कायदा) कलम १९(१०) सांगतं. त्यामुळे "काम नीट करा, मगच चावी घेते" असं म्हणून महिनोन् महिने बसता येत नाही. बिल्डरच्या छापील पत्रावर "सर्व कामे पाहिली, समाधानकारक आहेत" अशी ओळ होती. सही करण्याआधी मी तिच्याखाली हाताने लिहिलं, "लाद्या, बाथरूमचा ढाळ व वॉटरप्रूफिंग तपासणे बाकी, दुरुस्तीचा हक्क राखून ताबा घेत आहोत." काउंटरवरच्या मुलीला ते आवडलं नाही, तिने आत जाऊन विचारलं, पण शेवटी शिक्का मारून झेरॉक्स दिली. ती झेरॉक्स पुढे फार उपयोगी पडली.

ताबा मिळाल्यावर पहिला फोन मामांना केला. आईचे धाकटे भाऊ. त्यांनी उभं आयुष्य बांधकामावर मुकादम म्हणून काढलंय. शहाबादी, मोझेक, मार्बल, आताच्या व्हिट्रीफाइड लाद्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय. ते येताना एक अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी, स्पिरिट लेव्हल, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणि हातोडीचा नुसता लाकडी दांडा घेऊन आले. चप्पल दाराबाहेर काढली आणि अनवाणी सगळ्या घरातून सावकाश फिरले. "आधी पायाला विचारायचं," म्हणाले.

पायाने लगेच सांगितलं. बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये दोन ठिकाणी लादीची कड अंगठ्याला लागत होती. माझ्या सासूबाई वॉकर घेऊन चालतात. वॉकरचं पुढचं पाऊल तिथेच अडणार, हे दिसल्यावर माझ्यासाठी हा विषय दिसण्याचा राहिला नाही.

शेजारच्या दोन लाद्यांच्या कडांमधल्या या उंचसखलपणाला साइटवर 'लिपेज' म्हणतात. किती चालतं? ब्रिटिश मानक बीएस ५३८५ मध्ये सांधा ६ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर १ मिलिमीटरपर्यंतचा फरक मान्य आहे, आणि २ मीटरची सरळ पट्टी ठेवल्यावर खाली ३ मिलिमीटरपर्यंत फट. आपल्याकडचे चांगले कंत्राटदारही साधारण हेच धरतात. मोजायला माझ्याकडे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नव्हता, म्हणून डेबिट कार्ड वापरलं. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, जगभर सारखीच. वर आलेल्या लादीवर पट्टी आडवी धरायची आणि खालच्या लादीवर उरलेल्या फटीत कार्ड सरकवायचं. एक कार्ड अडलं तर चिंता नाही. दोन कार्डं एकावर एक ठेवून आरामात आत गेली तर फरक दीड मिलिमीटरच्या वर. पॅसेजमध्ये एका जागी तीन कार्डं गेली.

मग दांडा. लादीवर हलकेच ठोकत जायचं: चारही कोपरे, मग मध्य. खाली माल, म्हणजे लादी धरणारं सिमेंट, भरलेला असेल तर आवाज बद्द येतो, पोकळ असेल तर घुमतो. ऐकणाऱ्याला फरक अर्ध्या मिनिटात कळायला लागतो. मी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढला, एका लादीला एक चौकोन. मामा ठोकत गेले, मी चौकोनात नुसता कोपरा, अर्धा किंवा पूर्ण असं रंगवत गेले. नवरा मागून मोबाइलवर आवाजासकट चित्रीकरण करत होता. प्रत्येक लादीवर रंगाऱ्याची कागदी टेप लावून त्यावर खोलीचं अक्षर आणि क्रमांक लिहिला: पॅसेजची प-३, किचनची कि-७. फोटोत टेप आणि स्टीलची फूटपट्टी दोन्ही दिसतील असं पाहिलं. या नकाशाने पुढे काय केलं ते सांगतेच.

पोकळ लादी दिसली की घाबरून जायचं नाही, हेही मामांनीच समजावलं. लादीच्या मध्याला तळहाताएवढी जागा घुमली तर ती लादी वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. कोपरे आणि कडा पोकळ असतील तर मात्र धोका, कारण वजन नेमकं कडेवर येतं. कपाटाचा पाय, फ्रीज, गॅस सिलिंडर ओढणं, आणि मग कोपरा फुटतो. म्हणून आम्ही आधीच तीन गट पाडले: धोकादायक, बघत राहायच्या आणि सोडून द्यायच्या. सगळ्याच लाद्या बदलून मागितल्या असत्या तर समोरच्याला "यांना काहीच पटत नाही" म्हणायला जागा मिळाली असती.

बाथरूमचं काम सगळ्यांत वाईट निघालं. तिथे वेगळं यंत्र लागत नाही, एक बादली पाणी पुरतं. पाणी ओतून दहा मिनिटं थांबलो. नहाणी ट्रॅपकडे (पाणी वाहून जायच्या जाळीच्या भोकाकडे) जायचं सोडून पाणी कमोडच्या मागे साचलं आणि थोडं उंबऱ्याकडे आलं. एक मीटर अंतराला साधारण एक सेंटिमीटर तरी ढाळ ट्रॅपकडे हवा; लेव्हल ठेवली तर बुडबुडा उलट्या बाजूला. ट्रॅपची जाळी आजूबाजूच्या लाद्यांपेक्षा किंचित वर होती. मामांनी खिशातून गोटी काढून जमिनीवर सोडली. ती ट्रॅपला वळसा घालून भिंतीकडे गेली. तो व्हिडिओ मी जपून ठेवला, कारण बिल्डरच्या ऑफिसात मीटर-सेंटिमीटरपेक्षा त्या गोटीनेच जास्त काम केलं.

हॉलमध्ये आणखी दोन तक्रारी होत्या. खिडकीजवळच्या काही लाद्यांचा रंग बाकीच्यांहून पिवळसर. खोक्यावर शेड आणि बॅचचा क्रमांक असतो आणि वेगवेगळ्या बॅचचा माल एकाच खोलीत मिसळला की असं होतं. आणि मुख्य दारात पाऊल टाकताच समोर चार बोटं रुंदीची कापलेली पट्टी. काम सुरू करण्याआधी मधोमध दोरी मारून मांडणी करून पाहिली असती, तर ती पट्टी सोफ्यामागच्या भिंतीला गेली असती.

बिल्डरकडचा साइट इंजिनिअर बोलायला चांगला. पहिल्या पाहणीत त्याने नेहमीची उत्तरं दिली. "मॅडम, हाताचं काम आहे, एवढं उन्नीस-बीस चालतं." "फर्निचर आलं की दिसणार पण नाही." "लाद्याच कंपनीकडून वाकड्या येतात." या तिसऱ्यात थोडं तथ्य होतं, म्हणून त्यावर नीट बोललो. मोठ्या व्हिट्रीफाइड लादीला भट्टीतून येतानाच मध्ये किंचित फुगवटा असतो. त्यासाठी भारतीय मानक आयएस १५६२२ मध्ये मर्यादा ठरवलेली आहे. पण आमच्या पॅसेजमध्ये लांब लाद्या विटांसारख्या अर्ध्यावर अर्ध्या बसवल्या होत्या. म्हणजे एका लादीचा सगळ्यांत उंच मध्य शेजारणीच्या सगळ्यांत खालच्या टोकाला भिडतो. हा फुगवटा माहीत असलेला मिस्त्री सांधा एक तृतीयांशावर घेतो. तेव्हा लादी कंपनीची असली, तरी मांडणी तुमची, असं मामांनी त्याला शांतपणे सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

एका बाबतीत त्याचं म्हणणं मला रास्त वाटलं. रात्री जमिनीवर टॉर्च आडवा ठेवून काढलेले फोटो त्याने मान्य केले नाहीत. आडव्या उजेडात कुठलीही जमीन खडबडीत दिसते, पाहणी दिवसाच्या साध्या उजेडात उभं राहून करायची. बरोबर आहे. मी ते फोटो काढून टाकले आणि मोजमापांवर भर दिला.

पुढे प्रोजेक्ट मॅनेजर आले आणि त्यांनी उपाय सुचवला: सांध्यातून बारीक भोक पाडून पोकळीत इंजेक्शनने केमिकल भरायचं. कोरड्या खोलीत, मधोमध पोकळ असलेल्या एखाद्या लादीसाठी हे ठीक आहे. लेव्हल चुकलेल्या पॅसेजला किंवा उलट्या ढाळाच्या बाथरूमला त्याचा काय उपयोग? आवाज बंद होईल, पाणी तिथेच साचेल. मी नाही म्हटलं आणि नाही म्हटल्याचं त्याच संध्याकाळी ईमेलने कळवलं. तोंडी झालेलं प्रत्येक बोलणं ईमेलवर उतरवायची सवय मी पहिल्यापासून ठेवली होती, "आज आपण पाहणीत असे म्हणालात" एवढ्या दोन ओळी.

त्यानंतर काही दिवस शांतता. फोन उचलले जात, "बघतो" म्हटलं जाई. मग मी रीतसर पत्र पाठवलं, करारनाम्यातल्या नोंदणीकृत पत्त्यावर, स्पीड पोस्टने, आणि तेच ईमेलवर. पत्रात भावनेचं काही लिहिलं नाही. नकाशा, मोजमापांचा तक्ता, फोटो, व्हिडिओची लिंक, ताबापत्राची झेरॉक्स आणि रेराचं कलम १४(३). ताब्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई द्यायची, असं हे कलम आहे. पुष्कळांना वाटतं की पाच वर्षांची हमी फक्त खांब, तुळई, स्लॅब यांना. कायद्यात इमारतीच्या सांगाड्यातल्या दोषाबरोबरच कारागिरीचा आणि दर्जाचा दोषही स्पष्ट लिहिलेला आहे.

करारनाम्यातलं दुसरं एक वाक्यही वाचायला हवं. ताबा घेतल्यावर बाथरूम, किचन किंवा पाण्याच्या पाइपांत बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय फेरफार केला, तर दोष दुरुस्तीची जबाबदारी संपते, असं आमच्या करारनाम्यात होतं. आमचा इंटिरिअरवाला रोज विचारायचा, बाथरूमची लादी मीच बदलून देतो, कशाला वाद घालता? वाद मिटेपर्यंत त्याला घरात हातोडीच काय, ड्रिलही लावू दिलं नाही. भाडं भरत राहिलो. ते जड गेलं, पण पर्याय नव्हता.

बिल्डरकडून उत्तर आलं: आढळलेले फरक "सामान्य मर्यादेत" आहेत. कुठली मर्यादा, किती मिलिमीटर, काही नाही. तेव्हा आम्ही एका स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरला पैसे देऊन बोलावलं. त्यांनी नकाशा स्वतः पडताळला, आणि बिल्डरच्या माणसांसमोर संयुक्त पाहणी करून दोन लाद्या उचलून बघायचा प्रस्ताव दिला. एक मी निवडायची, नकाशात पूर्ण रंगवलेली. दुसरी बिल्डरच्या इंजिनिअरने, त्याच्या मते चांगली आणि आमच्या नकाशातही कोरी असलेली.

पाहणीला सगळे जमले. साइटवरचाच लादी मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन आला. माझी लादी किचनमधली, कि-७. त्याने सांध्यात छिन्नी घातली, दोन ठोके दिले आणि लादी अख्खी, एकही टवका न उडता, हातात आली. त्याने ती उलटी करून भिंतीला टेकवली. पाठीवरच्या उठावदार रेघा नव्या खोक्यातल्यासारख्या स्वच्छ, आणि त्यांवर भट्टीतून येताना लागलेली पांढरी भुकटी तशीच. मामांनी बोट फिरवलं, बोट पांढरं झालं. खाली जमिनीत चार कोपऱ्यांजवळ आणि मध्ये मालाचे सुकलेले गोळे, बाकी सगळी पोकळी. मिस्त्रीच म्हणाला, "मॅडम, ये तो खाली रखेला है, पकडा ही नहीं."

दुसरी लादी निघता निघेना. चार-पाच तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीला माल घट्ट चिकटलेला. म्हणजे त्याच घरात, त्याच कारागिरांनी एक काम नीट केलं होतं आणि एक नाही. आणि कोणतं कुठे आहे ते आमचा नकाशा बरोबर सांगत होता. त्यानंतर "सामान्य मर्यादा" हा शब्द पुन्हा कुणी काढला नाही.

यामागचं कारण इंजिनिअरांनी अहवालात लिहिलं. व्हिट्रीफाइड लादी पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी. जुन्या मोझेकच्या किंवा सिरॅमिकच्या लादीत सिमेंटची स्लरी (पातळ कालवलेलं सिमेंट) मुरायची आणि धरायची; या लादीत ती मुरत नाही. तिला टाइल अ‍ॅडेसिव्ह लागतं, पाठीची भुकटी पुसावी लागते आणि दातेरी थापीने माल सगळीकडे पसरावा लागतो. गोळे टाकून लादी दाबली की लेव्हल झटपट मिळते, काम दुप्पट वेगाने उरकतं आणि पोकळी आत राहते. कारागिराला चौरस फुटावर पैसे मिळतात. त्याच्यावर मला राग नाही. त्याच्यावर देखरेख ठेवायला ज्यांना पगार मिळतो, त्यांच्यावर आहे.

दरम्यान मी महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जायची तयारी करून ठेवली होती. तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क ५,००० रुपये. त्याआधी सलोखा मंचाचा मार्ग आहे. तिथे मुंबई ग्राहक पंचायतीचे आणि बिल्डरांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसून तोडगा काढतात. दोन्ही पक्ष तयार असावे लागतात. मी बिल्डरला लिहून कळवलं की अहवाल हातात आहे, सलोख्याला माझी तयारी आहे, नाहीतर तक्रार दाखल करते. त्यावर त्यांच्या ऑफिसातून बैठकीचं बोलावणं आलं आणि प्रकरण तिथेच मिटलं.

मिटलं ते कागदावर. पॅसेज, किचन आणि दोन्ही बाथरूमच्या जमिनी पूर्ण उखडून नव्याने करायच्या. हॉल आणि बेडरूममधल्या फक्त कडा पोकळ असलेल्या आणि पिवळसर लाद्या बदलायच्या. अ‍ॅडेसिव्ह आयएस १५४७७ प्रमाणे, आणि पिशवी माझ्यासमोर फोडायची. सांधा सारखा ठेवायला दोन मिलिमीटरचे स्पेसर, कडा एका पातळीत धरायला लेव्हलिंग क्लिपा, भिंतीलगत स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) झाकली जाईल एवढी फट. ही फट महत्त्वाची. लाद्या एकमेकींना आणि भिंतीला घट्ट भिडवल्या की मेच्या उन्हाळ्यात फुगायला जागाच उरत नाही आणि एखाद्या दुपारी अख्खी ओळ तंबूसारखी वर उठते.

सगळ्यांत जास्त मी भांडले ते बाथरूमच्या एका अटीवर. लाद्या उखडताना खालचं वॉटरप्रूफिंग दुखावतंच. म्हणून नवी लादी लागण्याआधी कोटिंग पुन्हा करायचं, ट्रॅप बंद करून तीन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरचं छत माझ्यासमोर तपासायचं. मॅनेजर म्हणाले, उगाच वेळ जातो. मी हटले नाही. खालच्या काकू वर्षभरापूर्वीपर्यंत भाड्याच्या खोलीत राहून हक्काच्या घराची वाट बघत होत्या. आमच्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतातून गळावं हे मला चालणार नव्हतं. एका बाथरूममध्ये पहिल्यांदा खरोखरच काकूंकडे ओल आली, पाइपाच्या बाजूने. ती बुजवून पुन्हा पाणी भरलं, छत कोरडं राहिलं, मगच लादी लागली.

काही गोष्टी मिळाल्या नाहीत. दारातली कापलेली पट्टी तशीच आहे. ती काढायची तर सगळा हॉल उखडावा लागला असता, आणि मजबुतीत तिथे दोष नव्हता. इंजिनिअरची फी मागितली होती, ती दिली नाही. भाड्याचे पैसेही नाहीत. त्यांच्यासाठी भरपाईचा स्वतंत्र अर्ज करता आला असता, पण घरात राहायला जाणं आम्हाला जास्त गरजेचं होतं. काम झाल्यावर मी त्यांच्याकडून एक ओळ मात्र लिहून घेतली: या दुरुस्तीमुळे दोष दुरुस्तीच्या जबाबदारीची पाच वर्षांची मुदत कमी होत नाही. आणि त्याच शेडची दोन खोकी जादा ठेवून घेतली, कारण त्या बॅचचा माल पुढच्या वर्षी मिळत नाही.

आता पुनर्वसन विंगमधले मूळ रहिवासी विचारायला येतात. त्यांचा मार्ग आमच्यापेक्षा वेगळा आहे. आमच्याकडे विक्रीचा करारनामा होता, त्यांचा मुख्य आधार सोसायटीने बिल्डरशी केलेला विकसन करारनामा. त्यात दोष दुरुस्तीची मुदत आणि लाद्यांचा दर्जा काय लिहिलाय ते आधी कमिटीकडून मागून वाचा, असं मी सांगते. एकट्याने पत्रं न लिहिता सगळ्या घरांचे नकाशे एकत्र करून सोसायटीच्या सल्लागार आर्किटेक्टमार्फत द्या, असंही. तिसऱ्या मजल्यापर्यंतची घरं ठोकून झाली आहेत. मामा दर रविवारी येतात, दांडा घेऊन.